अक्का, विमावाले राहिले की गेले?

अक्का, तुझं तेरावं उरकलं आणि पुढच्याच आठवड्यात रामय्या शेट्टी चिकपेटला आपल्या दुकानात येऊन बसला. शेअरचा दलाल असला तरी दुःखाच्या घरी कसं बोलावं याचं भान त्याला आहे. आधी धोतरजोड्यांचे भाव विचारले, मग शांताच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग हळूच म्हणाला, अक्कांच्या पंप कंपनीच्या शेअरांचं काय करायचं ठरलंय? मी म्हटलं, अक्काला विचारून सांगतो. तोंडातून निघून गेलं.  तो माझ्या खांद्यावर हात ठेवून उठून गेला आणि मी नीट घडी घातलेलं कापडाचं थान पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालत बसलो.

म्हणून हे लिहायला घेतलं. तुला विचारायला आता दुसरी वाट नाही. उत्तर यायचं नाही हे मला ठाऊक आहे, पण तू होतीस तेव्हा तरी माझ्या प्रश्नाला सरळ उत्तर कधी दिलंस?

भावजी गेले आणि सुमीला घेऊन तू आमच्याकडे आलीस, तेव्हा तुझ्या भावजयीनं, शांतानं, मागची खोली रिकामी करून दिली. मी मनात धरून चाललो होतो की आता बहीण कायमची घरी आली. दुःख तर होतंच, पण खरं सांगायचं तर थोडा आधारही वाटला होता. आई गेल्यापासून मला रागवणारं कुणी उरलं नव्हतं. महिना झाला नसेल, तू भाकरी वाढता वाढता म्हणालीस, "बाबू, तुझ्या घरात मला काही कमी नाही. पण सुमीला तिच्या आईचं म्हणून एक दार पाहिजे. आज नाही, पण पाहिजे."

मला राग आला. दोन दिवस मी तुझ्याशी धड बोललो नाही. पण त्यानंतर तू जे जे केलंस ते त्या एका दारासाठी, हे मला कळत होतं. भावजींच्या फंडाचं व्याज तुम्हा दोघींच्या धान्याला आणि सुमीच्या फीला पुरलं असतं. भाडं भरायचं ते पंप कंपनीच्या लाभांशातून. भावजींनी ती कंपनी निघाली तेव्हाच तिचे शेअर घेऊन ठेवले होते. म्हणजे कंपनी नीट चालली तर तुझं दार, नाही तर आमची मागची खोली. इतका साधा हिशेब होता.

मी म्हटलं, अक्का, आपण कापडवाले. पंपातलं आपल्याला काय कळतं? वार्षिक अहवाल वाचून बघ म्हटलं तर तू हसलीस. अहवाल कंपनीच लिहिते ना, म्हणालीस, मग ती स्वतःबद्दल वाईट कशाला लिहील? मुलीच्या बापानं मुलीचं केलेलं वर्णन आपण कधी खरं धरतो का? आपण बघतो की त्या घरी आधी कुणी सोयरीक केली, आणि केलेले अजून जाऊन येऊन आहेत का.

तुझी सगळी शेअरबाजारी विद्या ती एवढीच. पंप कंपनीत दोन मोठे वाटेकरी होते. एक विमा कंपनी आणि एक लंडनचा गुंतवणुकीचा ट्रस्ट. आपल्या घरात त्यांची नावं पडली विमावाले आणि लंडनवाले. त्यांच्याकडे शिकलेली माणसं पगार घेऊन दिवसभर हाच विचार करतात, असं तुझं म्हणणं. शेअर ठेवायचा का विकायचा, हे त्यांनी ठरवलं की ते कंपनीच्या रजिस्टरात उमटतंच. मग आपण तिथे जाऊन बघायचं, की मोठी माणसं पंगतीत बसून आहेत का पान सोडून उठायला लागलीत.

आणि रजिस्टर बघता येतं, हे तुला कुणी सांगितलं देव जाणे. ज्याच्या नावावर एक जरी शेअर असेल त्याला कचेरीच्या वेळात जाऊन शेअरहोल्डरांचं रजिस्टर उघडून बघता येतं, हा कायदा आहे. मी स्वतः पाच-सहा कंपन्यांचे कागद पेटीत ठेवून होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता. पुढे तर तू एका सूतगिरणीचा आणि एका साखर कारखान्याचा एकेकच शेअर घेतलास, निव्वळ आत जाऊन बघता यावं म्हणून. शेट्टी अजून ती गोष्ट सांगून हसतो. त्याच्या सबंध धंद्यात एक शेअर मागणारं गिऱ्हाईक तू एकटीच.

पहिल्या खेपेला मी तुझ्याबरोबर आलो होतो. मैसूर रोडच्या बसमधून उतरून आपण त्या कचेरीत गेलो, तर शुक्रवारची पूजा चालली होती. शिपाई दारात आडवा आला आणि कन्नडमध्ये मला म्हणाला, पूजा होईपर्यंत अम्मांना स्वल्प बाहेर बसू दे. बोलला तो माझ्याशी, तुझ्याशी नाही. तुझ्या पांढऱ्या कपाळाकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही, पण तिघांनाही कळलं. मी तोंड उघडणार तोच तू माझा हात दाबलास आणि पायरीवर जाऊन बसलीस. पूजा झाली, मग आत गेलो. शेअर खात्याचा कृष्णमूर्ती तेव्हा नवा होता. बाईमाणसाला रजिस्टर दाखवायचं की नाही, हे विचारायला तो तीनदा सेक्रेटरीच्या खोलीत जाऊन आला. शेवटी त्यानं स्टूल दिलं आणि ते भलंमोठं बाड तुझ्यापुढे आणून ठेवलं.

मला वाटलं होतं, झालं, आता ही पुन्हा जायची नाही. तर तू पुढच्या खेपेला मुद्दाम शुक्रवारच धरलास. दर तिमाहीला शुक्रवारीच. पायरीवर बसायचीस, पूजा झाली की आत. असं दोन-तीन वर्षं चाललं. मग एका शुक्रवारी त्याच शिपायानं आरतीचं ताट घेऊन बाहेर येऊन आधी तुला दिलं आणि आत यायला सांगितलं. घरी येऊन तू हे सांगितलंस तेव्हा शांताच्या डोळ्यांत पाणी आलं. तू मात्र लगेच म्हणालीस, विमावाले आहेत, लंडनवाले थोडे वाढलेत.

सोयऱ्यांची खुशाली सांगावी तशी तू ती बातमी सांगायचीस. घरात थट्टाच झाली होती. तू दारात चप्पल काढतेस न काढतेस तोच शांता आतून विचारायची, काय म्हणतात विमावाले, बरे आहेत ना? सुमी शाळेतल्या मैत्रिणींना सांगायची, आमचे लंडनला नातेवाईक आहेत. आणि तू खरोखरच त्यांच्याकडे तसं बघत होतीस. या माणसांना तू जन्मात पाहिलं नव्हतंस, ती तुला ओळखत नव्हती, पण ती थांबली आहेत म्हणून तुला शांत झोप लागत होती.

तुझा एक नियम मात्र मला कधी पटला नाही. तू म्हणायचीस, आपल्याला बघायचा हक्क आहे, विचारायचा नाही. रजिस्टरात दिसेल तेवढं आपलं. कृष्णमूर्तीला चार शब्द विचारून आतली बातमी काढायची नाही, आणि रजिस्टरात ज्याचं नाव वाचलं त्याला रस्त्यात गाठून का घेतलेस, का विकलेस, असं विचारायचं नाही. मी म्हणायचो, हे म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं. तू म्हणायचीस, नाही रे, भांडं दाखवते, फक्त दुसऱ्याच्या घरातलं दही किती ते विचारत नाही.

मग चीनच्या लढाईनंतरचं ते वाईट वर्ष आलं. बाजार पडला. आणि तू एका शुक्रवारी कचेरीतून थेट दुकानात आलीस, गादीवर टेकलीस आणि पाणी मागितलंस. म्हणालीस, लंडनवाले गेले. एकदम नाही, गेल्या तिमाहीत निम्मे आणि या तिमाहीत उरलेले. आता त्यांचं नावच नाही.

मी त्याच दिवशी शेट्टीला बोलावलं. त्याचं आणि माझं एकमत होतं, विकून टाक. तूच ना इतकी वर्षं सांगत आलीस, मोठे उठले की आपण उठायचं? तेव्हा तू मल्लेश्वरमला एक घर बघून ठेवलं होतंस. दोन खोल्या, मागे विहीर आणि पुढे तुळशीला जागा. मालकाला होय म्हणायचं तेवढं राहिलं होतं.

तू विकले नाहीस. म्हणालीस, "गेले कोण ते तुम्ही बघता. आले कोण ते बघा की." लंडनवाल्यांचे शेअर बारीक बारीक होऊन कुणाकुणाच्या नावावर चढले होते, आणि त्यातले कितीतरी पत्ते पंप कारखान्याच्या मागच्या गल्लीतले होते. नावं तू ओळखत होतीस. फिटर नंजप्पा, त्याचा मेहुणा, फोरमनची बायको. नंजप्पाची बायको तर आपल्याच दुकानात साड्या घ्यायची. बाहेरचे जातायत आणि आतले घेतायत, तू म्हणालीस. जो माणूस रोज स्वतःच्या हातानं पंप जोडतो तो आपली कमाई त्यात घालतो, याहून मोठी ग्वाही कुठली? आपल्या लोकांचा हा जुनाच गुण. चिकपेटात नाव आणि गल्ली कळली की माणूस कळला, असं आपण धरून चालतो. मलाही ते ऐकून पटल्यासारखं झालं.

त्या वर्षी लाभांश आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. मल्लेश्वरमच्या मालकाला तू स्वतः जाऊन नाही म्हणून आलीस. सुमी तेव्हा कॉलेजात जायला लागली होती आणि मागच्या खोलीत अभ्यासाला टेबल मावत नव्हतं, म्हणून ती दुकान बंद झाल्यावर गादीवर बसून वाचायची.  सकाळी देवाला फुलं वाहताना तुझे ओठ हलायचे बंद झाले होते, हे मी पाहिलं होतं. आणि तू आमच्याकडेच राहणार म्हणून मला आतून बरंही वाटत होतं, हे तू पाहिलं होतंस.

मग कंपनीची ती वार्षिक सभा. एरवी सभा म्हणजे कॉफी, म्हैसूरपाक आणि अध्यक्षांचं इंग्रजी भाषण. आपण दोघे मागच्या रांगेत होतो. भाषण संपता संपता पुढच्या रांगेतून कोइमतूरचा एक गिरणीवाला उठला. हातात कागदांचा जाड गठ्ठा. जे शेअरहोल्डर सभेला येत नाहीत ते आपलं मत दुसऱ्याला लिहून देतात ना, ती पत्रं. त्यानं ती अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली आणि सेक्रेटरी एकेक नाव वाचायला लागला. फिटर नंजप्पा. त्याचा मेहुणा. फोरमनची बायको. सगळे शेअर त्या एकाच माणसाचे होते. कंपनी हातात घ्यायची म्हणून त्यानं गुपचूप, गरिबांच्या नावावर, वर्षभर थोडे थोडे गोळा केले होते. नंजप्पानं फक्त सही केली होती.

मी तुझ्याकडे बघितलं नाही. बघवलंच नसतं. नंजप्पाच्या बायकोला साडी दाखवताना मी एक शब्द विचारला असता तर वर्षापूर्वीच सगळं कळलं असतं, आणि तुझ्या नियमापायी मी विचारला नव्हता.  सिटी मार्केटला बसमधून उतरताना तू म्हणालीस, "माणसं बरोबर ओळखली रे. पैसे कुणाचे ते नाही ओळखलं."

आणि पुढे काय झालं? त्या कोइमतूरवाल्यानं कंपनी सुधारली. लाभांश सुरू झाला, मग वाढला. मल्लेश्वरमचं तेच घर नाही मिळालं, पण त्याच रस्त्यावर दुसरं मिळालं. तू सुमीला घेऊन गेलीस, त्या दिवशी शांतानं टांग्यात डबे ठेवता ठेवता तुला विचारलं, अक्का, आमचं काही चुकलं का? तू तिला जवळ घेतलंस आणि कितीतरी वेळ सोडलं नाहीस. मी दुकानात काम आहे म्हणून निघून गेलो. दुकानात काही काम नव्हतं.

तेव्हापासून आपला वाद सुरू झाला तो आजपर्यंत मिटलेला नाही. मी म्हणायचो, अक्का, ही बोलाफुलाला गाठ पडली. तुझा अंदाज साफ चुकला होता, नशीब तेवढं बरोबर निघालं. तो माणूस कंपनी लुटायला आला असता तर? तू म्हणायचीस, नाव चुकलं, पण दिशा चुकली नाही. कुणीतरी स्वतःचा पैसा घालून आत येत होतं, हे मी बरोबर वाचलं होतं. आणि मोडायला येणारा माणूस एवढा सावकाश येत नाही. मी म्हणायचो, सावकाश येणारे चोर मी पाहिलेत. तू म्हणायचीस, तू चिकपेटात राहतोस, तुला सगळेच चोर दिसतात. दर रविवारी मी मल्लेश्वरमला यायचो, तू पोहे करायचीस आणि हेच भांडण आपण नव्यानं भांडायचो. सुमी म्हणायची, मामा, आज कुणाची पाळी जिंकायची?

तुला सांगतो, मी अजून तुझ्याशी सहमत नाही. पण आता रविवारी मी काय करायचं, ते मला कळत नाही.

आणि शेवटचं. त्या शुक्रवारी तू कचेरीतून दुकानात आलीस. लग्नसराई होती, दुकानात उभं राहायला जागा नव्हती. तू पायरीवरूनच मला म्हणालीस, "बाबू, विमावाले हलायला लागलेत." मी म्हटलं, अक्का, रविवारी येतो, बोलू. तू मान हलवलीस, एका गिऱ्हाइकाच्या लेकराचा गालगुच्चा घेतलास आणि बसला निघून गेलीस. शनिवारी दुपारी सुमी शाळेत शिकवत असताना तुझ्या छातीत दुखलं आणि शेजारच्या अम्मा डॉक्टरला घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

हलायला लागलेत म्हणजे काय, अक्का? किती विकले? कुणी घेतले? इतकी वर्षं टिकलेले विमावाले उठायला लागले, म्हणजे आता खरोखर उठायचं, का पुन्हा आले कोण ते बघायचं? चाळीस वर्षांच्या आपल्या बोलण्यात हे एवढंच राहून गेलं, आणि नेमकं तेच आज हवं आहे. शेट्टी म्हणतो, विका. शांता म्हणते, शेअर विकून टाकू, पैसे सुमीच्या नावावर ठेवू आणि पोरीला आपल्या घरी आणू, लग्नाचं बघू, एकटी मुलगी मल्लेश्वरमला कशी राहील? सगळे नातेवाईक हेच म्हणतात. मीही तेच म्हणत होतो.

काल सुमीला घेऊन मी पंप कंपनीच्या कचेरीत गेलो. तुझे शेअर तिच्या नावावर करायचा अर्ज द्यायचा होता. आम्हाला बघून कृष्णमूर्ती उभा राहिला. आता त्याचे केस पिकलेत.  मग तुझं नाव घेऊन म्हणाला, अम्मा आल्याशिवाय तिमाही संपली असं वाटायचं नाही. सुमीनं अर्ज दिला आणि विचारलं, मला रजिस्टर बघता येईल का? तो कानकोंडा झाला. म्हणाला, ताई, नियम आहे. संचालकांच्या बैठकीत तुमचं नाव मंजूर झालं की बघता येईल, आज नाही. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणून म्हणाला, पण तुम्हाला काय हवंय ते मला ठाऊक आहे. विमावाल्यांचं मी तोंडीच सांगतो.

मी पुढे सरकलो, अक्का. मला ते ऐकायचंच होतं. दोन वाक्यांत माझा प्रश्न सुटणार होता.

सुमी म्हणाली, "नको सर, आता सांगू नका. नाव चढू दे. मी शुक्रवारी येते."

तिनं त्याला नमस्कार केला आणि पर्स काखेत घेऊन बाहेर पडली. मी तिच्या मागून गेलो. बसस्टॉपवर तिनं मला चिकपेटच्या बसमध्ये बसवून दिलं, तब्येतीला जपा म्हणाली, आणि स्वतः मल्लेश्वरमच्या बसची वाट बघत उभी राहिली. विमावाले राहिले की गेले, मला अजून ठाऊक नाही. पण सुमी आमच्याकडे राहायला यायची नाही, एवढं कळलं. सरी, बरं तर, अक्का. शांताला सांगतो.